साथीच्या काळातला दातांचा दवाखाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एक-दोन खुर्च्यांच्या खासगी दवाखान्यासाठी आहे. गाळा लहान, खिडकी एकच आणि रिसेप्शन सांभाळणारीच असिस्टंट असते, असा दवाखाना. उदाहरणं बहुतेक कोविडच्या काळातली आहेत, पण हवेतून पसरणाऱ्या कुठल्याही साथीला हेच लागू पडतं.

दंतवैद्याला इतर डॉक्टरांपेक्षा जास्त धोका का?

कारण काम तोंडातच असतं, चेहरा रुग्णापासून जेमतेम फूट-दीड फुटावर असतो आणि हातातली अवजारं पाणी उडवणारी असतात. दात कोरायचा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि त्याच्यावर सतत पाण्याचा फवारा चालू असतो. दातांवरचा कडक थर काढणारा अल्ट्रासोनिक स्केलर सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतो. थ्री-वे सिरिंजमधून हवा आणि पाणी एकदम सोडलं की तोही फवाराच. यातले मोठे थेंब दोन-तीन फुटांत खाली पडतात: रुग्णाच्या छातीवर, तुमच्या शील्डवर, ट्रेवर. ते पुसता येतात. अगदी बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात, आणि त्यांच्यापुढे फडकं निरुपयोगी असतं.

म्हणून घाबरून दवाखाना विकायचीही गरज नव्हती. जून २०२० मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून जास्त दंतवैद्यांची पाहणी झाली, तेव्हा कोविड झालेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली निघालं. साधनं नीट वापरली तर खुर्चीजवळचा धोका आटोक्यात राहतो. दुपारी मागच्या खोलीत तिघं मास्क काढून डबा खायला बसतात, तिकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

कोणती कामं करायची, कोणती पुढे ढकलायची?

१९ मे २०२० च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनुसार प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाना बंद आणि सल्ला फक्त फोनवर, रेड झोनमध्ये तातडीचीच कामं, आणि बाकीच्या ठिकाणीही नेहमीची कामं लांबणीवर, अशी विभागणी होती. झोन गेले, पण तत्त्व उपयोगाचं आहे. न थांबणारं रक्त, पसरणारी सूज, जबड्याला मार आणि गोळीने न थांबणारी दाढदुखी ही कामं आजच करायची. क्राऊन (दातावरची टोपी) निघाला, तार टोचते, तात्पुरतं सिमेंट पडलं, ही दोन-चार दिवसांत. स्केलिंग, दात पांढरे करणं, दुखत नसलेली अक्कलदाढ, कवळी नवी करणं ही साथ उताराला लागल्यावर.

फोनवर काय विचारायचं?

ताप, खोकला, वास-चव जाणं, घरात कुणी पॉझिटिव्ह आहे का, हे तर विचाराच. त्याहून महत्त्वाचे तीन प्रश्न सूज असलेल्या रुग्णासाठी आहेत: तोंड किती उघडतं, गिळता येतं का, आडवं झाल्यावर श्वास अडतो का. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आणि थुंकी गिळता येत नाही असं सांगितलं, तर त्याला दवाखान्यात बोलवायचं नाही. सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. तिथे भूल, श्वासनलिका सांभाळणारे डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो.

दारातल्या थर्मल गनवर फार विसंबू नका. पॅरासिटामॉल घेऊन आलेला माणूस त्यात सहज पास होतो, आणि लक्षणं दिसण्याआधीच पसरवणारा तर होतोच होतो. दारातून आत येणारा प्रत्येक जण बाधित असू शकतो, असं धरूनच काम करायचं.

एसी लावायचा की नाही?

सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि याच्यावरच सगळ्यांत कमी खर्च झाला. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. खिडकी बंद करून तो चालू ठेवला, तर सकाळच्या पहिल्या रुग्णाची हवा दुपारपर्यंत फिरत राहते.

एसी लावा, पण त्याच्या जोडीला हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट हवाच. हिशोब सोपा आहे. खोली १० बाय १० फूट आणि उंची १० फूट असेल तर आत १००० घनफूट हवा आहे. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर तासाला १२,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. मेट्रिकमध्ये हे तासाला साधारण ३४० घनमीटर होतं. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. पण तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धूळ आणि बाहेरची झडप यांमुळे प्रत्यक्षात कमी भरतो, म्हणून ऐपतीप्रमाणे मोठाच घ्या.

चुका बहुतेक बसवतानाच होतात. पंखा बसवला पण दार-खिडकी घट्ट बंद, मग आत हवा येणार कुठून? दाराखाली फट किंवा समोरच्या भिंतीत जाळी लागतेच. पंखा दाराशेजारी आणि रुग्णाचं डोकं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, असं असेल तर हवा दारातून येऊन लगेच पंख्यातून जाते, रुग्णाजवळची तशीच राहते. पंख्याचं तोंड इमारतीच्या जिन्याकडे असेल तर सोसायटीशी भांडण ठरलेलं, आणि ते भांडणही रास्तच. सर्वांत स्वस्त तपासणी उदबत्तीची: ती रुग्णाच्या डोक्याच्या जागी धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. तो तुमच्या तोंडावरून पंख्याकडे जात असेल तर खुर्ची किंवा पंखा, एक तरी हलवायला हवा.

खिडकीच नसलेल्या गाळ्यात हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कण गाळणारा प्युरिफायर घ्या. त्यावरचा सीएडीआर नावाचा आकडा, म्हणजे ठरावीक वेळात तो किती हवा स्वच्छ करतो ते, वरच्या हिशोबाशी ताडून बघा. तो रुग्णाच्या डोक्याजवळ ठेवायचा, पण डॉक्टरच्या पाठीमागे नको, नाहीतर तो दूषित हवा तुमच्या चेहऱ्यावरून ओढेल. ओझोन सोडणारी किंवा आयन तयार करणारी मॉडेलं टाळा.

दोन रुग्णांमध्ये किती वेळ सोडायचा?

ते तुमच्या खोलीची हवा किती वेळा बदलते यावर आहे. हवेतले ९९ टक्के कण जायला लागणारा वेळ असा धरतात: तासाला २ वेळा हवा बदलत असेल तर १३८ मिनिटं, ६ वेळा असेल तर ४६ आणि १२ वेळा असेल तर २३. ही मिनिटं फवारा उडवणारं काम थांबल्यापासून मोजायची, रुग्ण उठल्यापासून नव्हे. एअरोटर बंद केल्यावर वीस मिनिटं फिलिंग भरण्यात गेली असतील, तर ती त्यातच आली.

पुसापुशी मात्र हा वेळ संपल्यावरच करा. असिस्टंटने लगेच आत जाऊन साफसफाई केली, तर ती बिचारी त्याच हवेत उभी राहते आणि पुसून झालेल्या ट्रेवर कण पुन्हा बसतात.

साधं सक्शन पुरतं का?

नाही. ओठात अडकवायची वाकडी नळी फक्त थुंकी ओढते, फवारा नाही. त्यासाठी ८ मिलिमीटर किंवा जास्त तोंडाची जाड नळी आणि मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा ओढणारी मोटर लागते. अशी नळी अवजाराच्या टोकापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर धरली तर फवारा नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतो. धरायला दुसरा माणूस हवा. एकट्याने, एका हातात आरसा आणि दुसऱ्यात एअरोटर घेऊन हे जमत नाही. रुग्णाला बारीक नळीभोवती ओठ मिटायला सांगू नका. त्या क्षणी नळीतलं आधीच्या रुग्णाचं पाणी उलट येऊ शकतं.

तोंडाबाहेर धरायच्या मोठ्या सोंडेच्या यंत्रांनी २०२० मध्ये बाजार भरून गेला होता. जाड नळी आणि एक्झॉस्ट दोन्ही असतील तर त्याची भर थोडीच. दोन्ही नसतील तर आधी ती दोन घ्या.

रबर डॅमने खरंच फरक पडतो का?

पडतो. रबर डॅम म्हणजे कामाचा दात तेवढा बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा. त्याने लाळ फवाऱ्यात मिसळतच नाही, आणि आजूबाजूच्या कणांत जंतूंचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत घटल्याचं मोजलेलं आहे. कॉलेजात शिकून दवाखान्यात विसरलेली ही गोष्ट साथीने परत आणली, हे एक बरं झालं. नाक मात्र डॅमखाली झाकू नका. स्केलिंग आणि दात काढण्यात डॅम लावता येत नाही, तिथे भार सक्शनवरच.

कामाआधी कशाने चूळ भरायला लावायची?

पोव्हिडोन आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लोरहेक्सिडीन हिरड्यांच्या जिवाणूंना चांगलं, पण कोरोनाच्या विषाणूवर त्याचा भरवसा कमी.

आयोडीनचा गुळण्या करायचा द्रव आपल्याकडे २ टक्क्यांचा मिळतो. ५ मिली द्रव आणि १५ मिली पाणी घेतलं की ०.५ टक्क्याचं २० मिली द्रावण झालं. ते तोंडात अर्धा मिनिट खळखळवायचं. थायरॉइडचा आजार, गर्भारपण किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर वापरू नका, पेरॉक्साइड द्या. पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असेल तर ते साधारण ६ टक्के असतं: ३ मिलीत १५ मिली पाणी घालून १ टक्का करा. बाटली ३ टक्क्यांची असेल तर एका भागाला दोन भाग पाणी. न मिसळता दिलं तर हिरड्या पांढऱ्या पडून भाजतात.

चुळीचा परिणाम थोडा वेळच टिकतो. म्हणून ती खुर्चीत बसल्यावर, काम सुरू करायच्या आधी लगेच. बेसिनमध्ये जोरात थुंकणं हाही फवाराच आहे. त्यामुळे चूळ परत पेल्यात टाकायला लावा आणि सक्शनने ओढून घ्या. आपल्या लोकांना दर पाच मिनिटांनी उठून चूळ भरायची सवय असते. आधीच सांगून ठेवलं तर ऐकतात.

एअरोटर न लावता काम भागतं का?

पुष्कळदा भागतं. मऊ कीड हातातल्या एक्स्कॅव्हेटरने काढून ग्लास आयनोमर हे सिमेंट भरता येतं. लहान मुलांच्या दुधाच्या दातांत कीड थोपवायला ३८ टक्के सिल्व्हर डायमिन फ्लोराइड. दात काळा पडतो, हे पालकांना आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तक्रार येते. स्केलिंग हाताने. दात काढल्यावर टाके विरघळणारे घातले की ते काढायची एक फेरी वाचते. एक्स-रे तोंडात फिल्म ठेवून काढताना उमासा आणि खोकला येतो, म्हणून शक्य तिथे बाहेरून काढायचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, बरा. पाणी बंद करून एअरोटर चालवणं मात्र उपाय नव्हे. दात तापतो आणि आतली नस मरते.

मास्क कोणता आणि किती दिवस?

फवारा उडणार असेल तर एन-९५ किंवा आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी-२. व्हॉल्व्ह असलेला नको. तो तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. केंद्र सरकारनेही जुलै २०२० मध्ये राज्यांना तसं कळवलं होतं. कानात अडकवायच्या दोरीपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे घट्ट बसतात. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा: नाकाजवळून वारा डोळ्यांत आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. या मुद्द्यावर तडजोड करता येत नाही.

टंचाईत पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून, दिवसाला एक असे पाळीने वापरण्याची पद्धत होती. प्लास्टिकच्या पिशवीत घाम वाळत नाही. धुणं, स्पिरिट मारणं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकणं यांपैकी काहीही करू नका. मास्कच्या मधल्या थरावर कण ओढून धरणारा विद्युतभार असतो, तो यांत जातो. रक्त उडालं किंवा पट्टा सैल झाला की टाका.

अंगभर पीपीई किट सगळ्या कामांना लागत नाही. मे महिन्यात पंखा बंद करून ते चार तास घातल्यावर हात थरथरायला लागतात आणि सुई टोचण्याची भीती वाढते. एन-९५, फेस शील्ड, लांब बाह्यांचा पाण्याला न भिजणारा गाऊन, टोपी आणि हातमोजे पुरतात.

काढताना कोणता क्रम?

लोक घालताना जपतात आणि काढताना घाई करतात. आधी हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळून, मग हात सॅनिटाइझ. शील्ड मागच्या पट्ट्याला धरून काढायची. मास्क सगळ्यांत शेवटी आणि खोलीच्या बाहेर, पुढच्या भागाला हात न लावता. पुन्हा साबणाने हात. सॅनिटायझर वाळेपर्यंत थांबा. मेण तापवायच्या स्पिरिट दिव्याजवळ ओल्या हातांनी गेलात तर भाजून घ्याल.

पुसायला कशाचं द्रावण?

१ टक्का सोडिअम हायपोक्लोराइट, १० मिनिटं ओलं राहील असं. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रव, चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ३० टक्क्यांची असेल तर लिटरला ३३ ग्रॅम. गाळ खाली बसू द्या, वरचं वापरा. रोज सकाळी नवं करा, कारण उजेड आणि उन्हाळा याची ताकद खातात. पाच महिने पारदर्शक डब्यात उघड्यावर ठेवलेलं द्रावण म्हणजे वास येणारं पाणी.

दोन चुका नेहमीच्या. रक्त-लाळ आधी साबणाच्या पाण्याने न पुसता वर हायपोक्लोराइट ओतणं: घाण त्यातलं क्लोरिन खाऊन टाकते. आणि ‘जास्त चांगलं’ म्हणून त्यात ॲसिडचा टॉयलेट क्लीनर मिसळणं: त्यातून क्लोरिन वायू निघतो. धातूच्या अवजारांना आणि खुर्चीच्या सांध्यांना हायपोक्लोराइट गंज आणतं, तिथे ७० टक्के अल्कोहोल वापरा. लाइटची मूठ, खुर्चीची बटणं, सक्शनची दांडी यांवर क्लिंग फिल्म लावून दर रुग्णाला बदलणं हे दहा वेळा पुसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फॉगिंग, फॉर्मॅलिन, यूव्ही दिवा?

फॉगिंगचा धूर दिसतो, म्हणून रुग्णाला समाधान वाटतं. विषाणू जातो तो पुसण्याने आणि हवा बदलण्याने. फॉर्मॅलिनची धुरी तर सोडूनच द्या. तिने कर्करोगाचा धोका असतो आणि दुसऱ्या दिवशीही डोळे चुरचुरतात. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा समोर दिसणाऱ्या पृष्ठभागावरच काम करतो, सावलीतली बाजू तशीच राहते. त्याखाली माणूस असताना तो लावायचा नाही. अवजारं ठेवायची निळ्या उजेडाची पेटी हे निर्जंतुकीकरणाचं यंत्र नाही, झालेली अवजारं ठेवायचं कपाट आहे.

एअरोटर स्पिरिटने पुसला तर चालत नाही का?

नाही. एअरोटर थांबतो त्या क्षणी आतल्या पोकळीत थोडी लाळ ओढली जाते. स्पिरिट तिथे पोचत नाही. प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी-हवा सोडा, बर (कोरायचं टोक) काढा, बाहेरून घासा, तेल द्या, जास्तीचं तेल उडवा, पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्ह करा. १३४ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटं किंवा १२१ अंशाला किमान १५ मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यानंतरची, बटण दाबल्यापासूनची नव्हेत. तापणं आणि सुकणं धरून फेरी पाऊण ते एक तासाची होते. म्हणून दिवसाला आठ-दहा रुग्ण असतील तर चार एअरोटर लागतात. एकाच्या जिवावर हे होत नाही.

पोकळ अवजारं आणि पाऊचमधल्या वस्तूंसाठी आधी हवा खेचून घेणारा बी क्लास ऑटोक्लेव्ह हवा. कुकरसारख्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेची सरळ धार येईपर्यंत झडप उघडी ठेवा, नाहीतर आत हवा अडकते: काटा १५ पीएसआय दाखवतो आणि तापमान १२१ नसतं. पाऊच एकावर एक दाबून रचू नका, उभे लावा. बाहेर येताना ओला असलेला पाऊच निर्जंतुक धरायचा नाही. पाणी डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याने महिन्याभरात आत पांढरा थर धरतो. आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी करा. पाऊचवरची पट्टी रंग बदलते त्याचा अर्थ फक्त पाऊच तापला एवढाच.

दवाखाना दोन महिने बंद होता. लगेच सुरू करता येईल?

खुर्चीच्या बारीक नळ्यांत साचलेल्या पाण्यात जंतूंचा चिकट थर धरलेला असतो, फुफ्फुसाचा आजार करणारा लेजिओनेला जिवाणूसुद्धा असू शकतो. खुर्चीची पाण्याची बाटली रिकामी करून धुवा, खुर्चीच्या कंपनीने सांगितलेलं औषध नळ्यांतून सोडा, सांगितला वेळ थांबा, मग भरपूर पाणी सोडा. हे मास्क घालून, खिडकी उघडून. इमारतीच्या टाकीवरचं पाणी थेट येत असेल तर टाकीही धुवून घ्या. नंतर रोज सकाळी प्रत्येक नळी दोन मिनिटं आणि दर रुग्णानंतर २० ते ३० सेकंद सोडायची. पाण्यात मिलीलीटरला ५०० पेक्षा जास्त जिवाणू वसाहती नकोत. हाड कापायच्या कामात नळीतलं पाणी नको, सलाईन वापरा. काँप्रेसरच्या टाकीतलं साचलेलं पाणी काढायला विसरू नका.

लॅबला माप पाठवताना?

अल्जिनेटचं (पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या पावडरचं) माप वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका, १ टक्का हायपोक्लोराइट फवारा, झिप पिशवीत १० मिनिटं ठेवा, पुन्हा धुवून लगेच प्लास्टर ओता. बुडवून विसरलात तर ते पाणी पिऊन फुगतं आणि क्राऊन बसत नाही. सिलिकॉनचं माप बुडवलं तरी चालतं. पिशवीवर ‘निर्जंतुक केलं’ असं लिहा, नाहीतर लॅबवाला पुन्हा करतो आणि माप बिघडतं. लॅबकडून आलेली कवळीही तोंडात घालण्याआधी धुवायची आणि निर्जंतुक करायची.

कचरा कुठल्या पिशवीत?

२०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम साथीतही तेच. पिवळ्यात रक्ताचा कापूस, काढलेले दात, मास्क, टोपी. लालमध्ये हातमोजे, सक्शनची नळी, फेस शील्ड, प्लास्टिकचा गाऊन. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. भूल देणाऱ्या औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्यात. चांदी (पाऱ्याचं मिश्रण) भरलेला दात पिवळ्यात टाकू नका, भट्टीत त्यातला पारा वाफ होऊन हवेत जातो. कोविडच्या काळात पिशवी दुहेरी आणि त्यावर तशी चिठ्ठी लावायची असे. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

कोविडमधून बरा झालेला रुग्ण वरचे दात हलतात म्हणून आला. काढायचे?

थांबा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला, आणि त्यातले बरेच रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडेच आले होते. मधुमेह, स्टिरॉइडचे डोस, वरच्या जबड्यातले तीन-चार दात एकदम हलणं, गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग. यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं की दात उपटायचे नाहीत. आजच्या आज साखर तपासून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. सायनसचा सीटी किंवा एमआरआय आणि बुरशीची तपासणी तिथे होईल. ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे त्या रुग्णाला तपासायला भिऊ नका.

रुग्ण म्हणून दवाखाना नीट आहे हे कसं ओळखायचं?

अवजारांचा पाऊच तुमच्यासमोर फोडतात का ते बघा. एअरोटर पाऊचमधून निघाला की आधीपासून नळीला लटकत होता? खोलीत कुठून तरी वारा लागतो का? असिस्टंटच्या हातात जाड नळी आहे का? बाहेर फॉगिंगच्या यंत्राची पाटी आहे का, हे बघायची गरज नाही. विचारलंत म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. तुमच्याकडून एवढंच हवं: वेळेवर या, सोबत एकच माणूस आणा, मास्क खुर्चीत बसल्यावरच काढा, आणि ताप येऊन गेला असेल तर फोनवरच खरं सांगा.